सहा पोती आणि आम्ही दोघं

माझ्या नवऱ्याने आमच्या सहलीचा बेत वॉशिंग मशीनच्या जॉब कार्डावर लिहिला. घरात कोरा कागद नव्हता असं नाही. पण हा माणूस दिवसभर लोकांची मशीनं उघडत हिंडतो, आणि दिवस, काम, वेळ, साहित्य असे रकाने आखल्याशिवाय त्याला कुठलीही गोष्ट करता येत नाही. लग्नाची मागणीसुद्धा त्याने मुद्देसूद घातली होती.

रविवार. काम: थरार. वेळ: दोन तास. साहित्य: बूट, जुनी पँट.

सोमवार. काम: प्रणय. वेळ: दुपारनंतर. साहित्य हा रकाना रिकामा.

मंगळवार. काम: स्मरण. वेळ: चाळीस मिनिटं. साहित्य: फुलं, रुमाल.

"प्रणयाला साहित्य काहीच नाही?" मी विचारलं.

"तू आहेस की."

"मी साहित्य?"

"तसं नाही गं. सहकारी."

मी सोफ्यांची कव्हरं शिवते. माझ्या हातात त्या वेळी कात्री होती. तो सुखरूप राहिला, हे माझ्या संस्कारांचं श्रेय.

ते तीन शब्द मात्र त्याचे नव्हते. सहलीच्या ऑफिसातून त्याने एक गुळगुळीत पत्रक आणलं होतं. दोरीला लोंबकळत दरी ओलांडणारी बाई, गुलाबी चादरीची खोली, आणि टेकडीच्या माथ्यावरचं एक बाकडं, तिन्ही एकाच पानावर. खाली लिहिलेलं: थरार, प्रणय, स्मरण. जोडप्यांसाठी खास. ते बाकडं माझ्या थोरल्या दिराच्या नावाचं आहे. टेकडीवर जाणाऱ्या रोपवेचा तो मेकॅनिक होता. नऊ वर्षांपूर्वी तिसऱ्या मनोऱ्यावरून पडला आणि गेला. कंपनीने माणसाच्या बदल्यात बाकडं दिलं, त्यावर पितळी पट्टी ठोकली, आणि आता बाकडंही विकायला काढलं. छापणाऱ्याला लाज नव्हती, पण निदान फोटो तरी बरा काढला होता.

माझा नवरा त्याच रोपवेवर धाकटा मेकॅनिक होता. भाऊ गेला त्या आठवड्यात त्याने नोकरी सोडली. तेव्हापासून तो फक्त जमिनीवर उभ्या असलेल्या यंत्रांना हात लावतो. बाकडं त्याने आजवर प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. दर वर्षी म्हणतो, "या वर्षी जाऊ." दर वर्षी कुणाचं तरी मशीन अडतं.

म्हणून कार्डावर 'स्मरण' वाचल्यावर मी कात्री खाली ठेवली. चाळीस मिनिटं तर चाळीस मिनिटं. माणूस तयार झाला होता.

तेवढ्यात सासूबाई पाण्याचा तांब्या घ्यायला आल्या. त्यांना कमी दिसतं, पण दुसऱ्याच्या कागदात डोकवायचं असेल तेव्हा पुरेसं दिसतं.

"मंगळवारी?" त्या म्हणाल्या. "पहिला मंगळवार ना तो? रोपवे बंद असतो रे त्या दिवशी. महिन्याची दुरुस्ती. विसरलास? तुम्ही दोघं भाऊ काळेकुट्ट होऊन यायचात. ग्रीस काढायला मला दोन बादल्या कढत पाणी लागायचं."

नवऱ्याने कार्ड टेबलावर उलटं करून ठेवलं.

"अरे हो की," नवरा म्हणाला. "लक्षातच नाही आलं."

खोटं बोलावं तर निदान ताठ मानेने बोलावं. हा टेबलाच्या कोपऱ्याशी बोलत होता. पाच वर्षं ज्याने महिन्याचा पहिला मंगळवार त्या दोराला ग्रीस लावण्यात घालवला, तो हा वार विसरेल? मी माझी शिलाई विसरेन का? कापड कमी पडलं की लबाड शिंपी जोड चुणीत लपवतो. याने स्मरण बंद दिवसात लपवलं होतं. आम्ही तिथपर्यंत जाणार, फाटकावर पाटी वाचणार, हा 'च्च च्च' करणार, फुलं फाटकाला अडकवणार, आणि रुमाल न वापरता परत.

सासूबाई तांब्या घेऊन गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "पायऱ्या आहेत म्हणा दोन हजार. पण तुझ्या बायकोचे गुडघे..."

"माझे गुडघे मध्ये आणू नका, आई."

"मी कशाला आणू? ते आधीच पुढे आलेत."

त्या गेल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "भित्रा आहेस तू."

"आहे."

आता यावर भांडणार कसं? माणसाने थोडा तरी विरोध करावा.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघांनी नऊ वर्षांत तोंडातून काढली नव्हती. त्या दिवशी मनोऱ्यावर चढायची पाळी याची होती. पण त्या दिवशी मी याला पहिल्यांदा भेटायला बोलावलं होतं, तलावावर. भाऊ म्हणाला, "जा तू, मी चढतो." आम्ही तासभर होडीत बसलो. मी वल्हं पाण्यात पाडलं, ते पकडायला हा कमरेपर्यंत ओला झाला, आणि आम्ही मूर्खासारखे हसत होतो. काठावर आलो तेव्हा एक माणूस धापा टाकत याला शोधत होता. पुढे आमचं लग्न झालं. सगळे म्हणाले, पोरीने सावरलं त्याला. सावरलं कसलं? आम्ही दोघांनी मिळून एक दार बंद केलं आणि त्याला पाठ लावून उभे राहिलो.

मी बाल्कनीत जाऊन फोन लावला. रोपवेचा फोरमन अजून तोच आहे, दोघा भावांना काम त्यानेच शिकवलं. आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा.

"सूनबाई! धाकट्याला माझ्याकडे आणतेस? आण, आण. पण मंगळवारी प्रवासी घेत नाही आम्ही."

"मग रोपवेचा डबा रिकामाच जातो का वर?"

"रिकामा कसा? ग्रीस लावून झालं की पूर्ण वजनाने चालवून बघतो. आठ माणसांचा डबा, वाळूची आठ पोती भरतो. मग एक पोतं काढून त्या जागी ज्याने पकड तपासली तो माणूस. काम करणाऱ्याने आपल्या कामावर आधी स्वतः बसायचं. हा कंपनीचा नियम नाही हो. कंपनीला काय पडलंय? हा तुझ्या दिराने घातलेला नियम आहे."

डबा दोराला ज्या चिमट्याने धरतो त्याला ते लोक पकड म्हणतात. मला एवढं पुरेसं होतं.

"मग त्या दिवशी याच्यासमोर जरा गचाळ काम करा."

"मी? तीस वर्षांत कधी केलं नाही."

"नाटक करा हो. त्याला दुसऱ्याचं गचाळ काम बघवत नाही. परवा आमच्या शेजाऱ्यांच्या दाराची बिजागरी त्यांना न विचारता बदलून आला."

फोरमन इतका हसला की खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याने भुंकून उत्तर दिलं.

रविवारी थरार झाला. म्हणजे माझा झाला. दरीवर दोरी बांधली होती, तिला लटकून पलीकडे जायचं. नवऱ्याने आधी दोरी बघितली, मग कडी, मग कडीच्या स्क्रूचे आटे, मग तिथल्या हेल्मेटवाल्याला विचारलं, "शेवटचं कधी तपासलंत?" हेल्मेटवाला म्हणाला, "साहेब, मजा घ्या." इथे मजा संपली. पाऊण तास वाद झाला. मागे रांगेतली जोडपी एकमेकांवर चिडायला लागली. शेवटी नवऱ्याने स्वतः कडी आवळली, मला तीनदा हलवून पाहिलं आणि सोडलं. मी किंचाळत पलीकडे गेले. तो मागून चालत आला, पुलावरून.

सोमवारी प्रणय. त्याबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की पलंग करकरत होता, आणि त्याने त्याचे स्क्रू दुपारी आवळले. साहित्याचा रकाना रिकामा ठेवायला नको होता.

मंगळवारी सकाळी आम्ही रोपवेपाशी पोचलो. फाटकावर पाटी होती: दुरुस्तीसाठी बंद. त्याने ठरल्याप्रमाणे 'च्च' केलं. दुसरं 'च्च' व्हायच्या आत आतून आवाज आला, "धाकट्या! बाहेर काय उभा राहतोस, पाहुणा आहेस का?"

फोरमनने त्याला मिठी मारली, पाठीत दोन धपाटे घातले आणि त्याला सरळ डब्यापाशी नेलं. डब्यात वाळूची आठ पोती रचलेली होती. फोरमनने पाना घेतला, पकडीचा एक नट अर्धा वळसा फिरवला आणि हात झटकले. "झालं. सोडा डबा."

"झालं?" नवरा म्हणाला.

"झालं की."

"बाकीचे तीन?"

"घट्टच असतात रे. आता एवढं कोण बघत बसतं?"

मी नवऱ्याच्या मानेकडे बघत होते. कानामागून लाली चढत गेली. त्याने फोरमनच्या हातातून पाना हिसकावलाच. मग खिशातला रुमाल काढला, स्मरणासाठी आणलेला, आणि त्याने पकडीचे जबडे पुसायला घेतले. तीन नट तपासले, चौथा पुन्हा तपासला, स्प्रिंग मोजली, ग्रीस बोटावर घेऊन चोळून पाहिलं. यात वीस मिनिटं गेली. फोरमन तोंड फिरवून उभा होता. हसू दाबत होता की आणखी काही, मी विचारलं नाही.

"आता सोडा," नवरा म्हणाला.

"तपासलं कोणी?" फोरमनने विचारलं.

"मी."

"मग बसणार कोण?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं. मला वाटलं आता पाना माझ्या डोक्यात घालतो.

"तू फोन केलास."

"केला. तू वार निवडलास, मी माणूस निवडला."

तो उभाच राहिला. खरं सांगते, त्या क्षणी तो मागे फिरला असता तर मी त्याला पुन्हा कधी विचारलं नसतं. जोर लावायची माझी ताकद तेवढ्यावर संपली होती. फोरमनने दोन पोती ओढून बाहेर काढली. मग मला वरपासून खालपर्यंत बघून तिसऱ्या पोत्याला हात घातला.

"दोनच," मी म्हणाले.

नवरा हसला. आणि हसता हसता, विचार करायच्या आत, आत जाऊन बसला.

दार लागलं. डबा सुटला. सहा पोती आणि आम्ही दोघं. पहिला मनोरा गेला, दुसरा गेला. खाली झाडांचे शेंडे, घरांची पत्र्याची छपरं, वाळत घातलेले कपडे. त्याने माझा हात धरला नव्हता, पोत्याचं तोंड धरलं होतं. तिसरा मनोरा जवळ आला. चाकांवरून जाताना डबा खडखडला.

"माझी पाळी होती," तो म्हणाला.

"माहीत आहे. बोलावलं मी होतं."

"तू नसतं बोलावलंस तरी मी आलो असतो. आठवडाभर संधी शोधत होतो."

"आणि मी वल्हं मुद्दाम पाडलं होतं."

"काय?"

"तू ओला झालास की कसा दिसतोस, बघायचं होतं."

त्याने पोत्याचं तोंड सोडलं. मग रडला. मीही रडले. रुमाल ग्रीसने भरलेला. दोघांनी तोच वापरला. वर पोचलो तेव्हा आमची तोंडं अशी काळी होती की सासूबाईंनी दोन बादल्या पाणी लगेच तापत ठेवलं असतं.

बाकडं फोटोपेक्षा लहान होतं. समोर दरी, मागे रोपवेचं चाक. पितळी पट्टीवर नाव, दोन तारखा, आणि खाली कंपनीचं नाव त्याच्या नावापेक्षा मोठं. मी त्याबद्दल चार शब्द मोठ्याने बोलले, ते इथे छापता येणार नाहीत. नवऱ्याने फुलं ठेवली. मग बसला, आणि लगेच उठला.

"डगमगतंय."

तो खाली वाकला. मागच्या पायाचा बोल्ट सैल होता. नऊ वर्षांत कुणी आवळला नसावा. पाना त्याच्या खिशातच राहिला होता. तो गुडघ्यांवर बसून बोल्ट आवळायला लागला, अर्धा वळसा, हलवून बघ, पुन्हा अर्धा. मग बाकीचे तिन्ही तपासले.

रोपवेच्या वरच्या स्टेशनच्या भिंतीवरचा फोन वाजला. मी उचलला आणि हातभर लांब धरला.

"सूनबाई, डबा परत पाठवता ना? की तिथंच संसार मांडताय?"

"थांबा जरा," मी म्हणाले. "त्याचं काम चाललंय."

चाळीस मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. बोल्ट आवळून झाल्यावर त्याने बाकड्यावर हात दाबून पाहिला आणि मला म्हणाला, "ये. आधी मी बसतो, मग तू."