कुरडयांचं थेट प्रक्षेपण

नागपुरात सदर भागातल्या दुकानातून कॅमेरे बसवायचं काम मी चार वर्षं करतो आहे. सोनाराकडे बसवले, गोदामात बसवले, एका डॉक्टरांनी त्यांच्या कुत्र्यावर बसवून घेतला. वाळवणावर बसवायची वेळ बेसाच्या मारोतराव काकांच्या गच्चीवर पहिल्यांदाच आली.

कारण गंभीर होतं. त्यांच्या मुलीचं, मिनलचं लग्न नऊ मेला. सुभद्राकाकूंनी अमरावतीच्या विहीणबाईंना फोनवर सांगून टाकलं होतं की रुखवतात तीनशे एक्कावन्न कुरडयांचा मनोरा असेल. आकडा तोंडातून गेला होता, आता तो परत घेता येत नव्हता. आणि गच्चीवरून रोज दुपारी दहा-बारा कुरडया नाहीशा होत होत्या.

"माकडं असतीन," काका म्हणाले.

"माकडं उरलेल्या कुरोड्या सरकवून जागा भरून जातेत काय?" काकू म्हणाल्या.

काकांनी या मुद्द्यावर विचार करतो असं सांगितलं.

मी कॅमेरा लावून आलो. दोन दिवसांनी काकूंचा फोन.

"प्रशिक, कॅमेरा अडकून राहिला ना बाप्पा!"

"काकू, कुरोड्या हलत नाहीत. अडकला हे कसं समजलं?"

"चित्रावरचं घड्याळ साडेबारावर थांबलं. आता अडीच वाजले. अन् अकरा कुरोड्या गेल्या."

गेलो. राउटर बंद करून चालू केला. आमच्या धंद्यातला हा पहिला उपचार, आणि पुष्कळदा शेवटचाही. मग वायर बदलली. मग चित्राचा दर्जा उतरवला, इतका की कुरडया आणि जिलब्या सारख्याच दिसायला लागल्या. मग कूलर राउटरपासून लांब सरकवायला सांगितला, त्यावर घरात लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी साडेबाराला घड्याळ पुन्हा थांबलं. नऊ कुरडया गेल्या.

शेवटी, जे सगळ्यात आधी करायचं ते केलं. कॅमेरा कोण कोण बघतंय, ती यादी उघडली. एकतीस जण होते.

"काका, पासवर्ड कोणाकोणाले दिला?"

"घरच्याच लोकाइले. भंडाऱ्याचे साळे, मोठी बहीण, जुन्या ऑफिसातले चार-पाच, विहीणबाई. अन् कळमन्याच्या बाजारातले जितेंद्रभाऊ."

"हे कोण?"

"त्याइच्यापासून संत्री घेतो ना मी."

नुसता पासवर्ड देऊन काका थांबले नव्हते. रोज बरोबर साडेबाराला ते या सगळ्यांच्या ग्रुपवर टाकायचे, 'ऊन छान पडले आहे. सर्वांनी अवश्य पाहावे.' आणि सर्व जण जेवता जेवता अवश्य पाहायचे.

मी समजावलं की घरातून बाहेर जाणारा इंटरनेटचा नळ बारीक आहे, त्याच्याखाली एकतीस बादल्या लागल्यात. सत्तावीस-अठ्ठावीस जण काढून टाका.

काकूंचा चेहरा उतरला. "लग्नाच्या तोंडावर विहीणबाईले काढू? अन् भंडाऱ्यावाल्याइले काढलं तर ते मांडवात पाय ठेवतीन?"

"नाहीच ठेवत," काका फार आनंदानं म्हणाले. "राहू दे मग जसं आहे तसं."

तेव्हा मला ती युक्ती सुचली, जिचा मला अजूनही अभिमान आहे. कुरडया हलत नसतील, तर पाहुण्यांना व्हिडिओ कशाला? मी गच्चीचा एक स्वच्छ फोटो काढला, त्याच्यावर चालतं घड्याळ चिकटवलं आणि एकतीस जणांना तोच पाठवला. खरं चित्र फक्त काकूंच्या मोबाइलवर ठेवलं.

जिन्यात काकांनी हळूच विचारलं, "सगळ्याइले फोटोच ना?"

"सगळ्यांना," मी म्हणालो. सगळ्यांमध्ये बायको धरतात हे मला माहीत नव्हतं. माझं लग्न झालेलं नाही.

संध्याकाळी आठला विहीणबाईंचा फोन. "चित्र एकदम साफ दिसून राहिलं. पण तुमच्या गच्चीवर अजून ऊन कसं वं?"

"नागपूर आहे ना ताई," काकू म्हणाल्या.

विहीणबाईंना पटलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम साडेबाराला गेलो. काकू खाली मोबाइल धरून बसल्या होत्या. घड्याळ चालू होतं. बारा बत्तीसला गच्चीचं दार उघडलं आणि मारोतराव काका आले. हातात ताटली, कच्च्या तेलाची वाटी, तिखटाची डबी. छत्री उघडून ते वाळवणाशेजारी बसले आणि निवडून निवडून ओल्या कुरडया खाऊ लागले. सात खाऊन झाल्यावर त्यांनी उरलेल्या कुरडया एकेक सरकवून जागा भरली. काम फार नीटनेटकं होतं.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "यातून बोलता येते म्हणत होता ना तू?" मी बटण दाखवलं.

"मीठ आणू काय वो?" कॅमेरा म्हणाला.

काकांनी आधी आकाशाला हात जोडले. मग त्यांना कॅमेरा दिसला.

"वाळल्यावर ही चव राहत नाही वं," ते त्याला म्हणाले.

मोजदाद झाली. मनोऱ्याला अठ्ठ्याहत्तर कमी पडत होत्या. काकूंनी त्याच दुपारी गहू भिजत घातले आणि निकाल दिला की चीक काका शिजवतील, सोऱ्याही काकाच दाबतील. मला म्हणाल्या, "प्रशिक, त्या दिवशी तो चिकटवलेला फोटो हटव. सगळ्याइले खरं दाखव."

चौथ्या दिवशी सकाळी काका गच्चीवर घामाघूम होऊन सोऱ्या दाबत होते. भंडाऱ्याचे साळे ग्रुपवर सूचना करत होते. जितेंद्रभाऊंनी मोबाइलसमोर सगळा बाजार जमवला होता. विहीणबाईंनी लिहिलं, 'वेढे जाड येत आहेत, पण माणूस कष्टाळू दिसतो.'

अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाल्या. नऊ मेला मनोरा उभा राहिला, विहीणबाईंनी स्वतः मोजला, तीनशे एक्कावन्न भरल्या.

आता फक्त माझा प्रश्न उरला आहे. सोऱ्या दाबायच्या त्या सकाळी यादीत चव्वेचाळीस जण होते. नळ तोच, राउटर तोच, कूलरही परत जुन्या जागी, काकांचे दोन्ही हात तेवढे सोऱ्यावर. आणि घड्याळ एका सेकंदालासुद्धा थांबलं नाही. तांत्रिक कारण मी अजून शोधतो आहे.