रिकाम्या डब्या

झाकण मिटताना होणारा तो बारीकसा ‘टिक्’. साहेबांची सगळी संस्कृती मला त्या आवाजात ऐकू येते.

कडावच्या शेतांकडे पाठ करून उभ्या असलेल्या त्यांच्या फार्महाऊसवर सकाळचं तिरपं ऊन काचेच्या कपाटात शिरलं, की अठराव्या शतकातल्या युरोपी तपकिरीच्या डब्या उजळत: चिनी मातीची दुधाळ कांती, सोन्याची बिजागरी, झाकणाच्या आत लपवून रंगवलेली मेंढपाळीण. घराण्यातली पहिली पदवीधर मी. त्या डब्यांची माहितीपत्रं लिहायला साहेबांनी मला ठेवलं होतं. तेव्हाच वाचलं, की उमराव ही डबी दुसऱ्यापुढे उघडीत, चिमूट देऊ करीत, आणि आतलं चित्र त्या पाहुण्यासाठी असे. साहेब मात्र कुणाचं बोट जवळ येण्याआधीच झाकण मिटत. अंगठ्याच्या तेवढ्या हालचालीत अख्खा माणूस मावे. माझी सोनाआत्या तिथे धूळ पुसायची; कनवटीच्या पत्र्याच्या डबीतून तिनं तपकीर ओढली, की साहेबांचं नाक असं आक्रसे, जणू गटार उघडलं.

एकदा पाहुण्यांपुढे झाकण उघडलं आणि साहेबच शिंकत सुटले.

“कुणी घातलं यात हे?”

“मीच की,” आत्या म्हणाली. आमच्यात शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही. “पावन्यापुढं रिकामी डबी धरता तुमी, सायेब. बरं दिसतं का?”

पाहुणे हसले, आणि त्या हसण्याची किंमत आत्यानं काम गमावून मोजली. “उद्यापासून येऊ नका.”

पायऱ्या उतरताना ती मला म्हणाली, “तू नको गं सोडू काम. त्याला नाकच नाय, तपकीर काय सोसंल!”

पदवीनं मला एवढं शिकवलं, की नोंद खरी करावी. त्या डबीच्या माहितीपत्रावर मी शेवटची ओळ लिहिली, ‘अखेरचा खरा उपयोग: सोनाबाई, कडाव’, आणि काम सोडून उठले.

आत्या आता नाही. चिनी मातीची झिलई गंध धरत नाही. साहेबांनी डबी पुसली असेल, पत्रही फाडलं असेल. त्या कपाटात अडीचशे वर्षं नीट मांडून ठेवली आहेत, माणूस एकही नाही. माझ्याकडे तिची पत्र्याची चेपलेली डबी आहे, तळाशी चिमूटभर भुकटी. उघडली की डोळ्यांत पाणी येतं. तपकिरीनंच येतं, असं मी म्हणते, आणि झाकण लगेच मिटत नाही.