दाव्याची गाठ

विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून रंभाजी दगडांच्या फटीत बोट घालून पाहत होता. खाली तीस हात कोरडी विहीर होती. मनकर्णाने मागून त्याचा सदरा धरला.

"वर या. पडाल."

"दरज सुटलीया हितली," तो म्हणाला. "कुनी बांधली ही?"

ती त्यानेच बांधली होती, वीस वर्षांपूर्वी. कर्जतच्या बाजूला पाच-सहा गावांत त्याच्या हातच्या विहिरी होत्या. हाताला धरून मनकर्णाने नवऱ्याला वर काढले.

आधी त्याच्या डोक्यातून नावे गेली, मग वाटा. थोरला गोरक्ष नागापूरच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याने बापाला नगरच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर ठोकून पाहिले. म्हणाले, म्हातारपणी कुणाकुणाचा मेंदू असा झिजत जातो, याला औषध नाही, आता घरीच सांभाळा.

"सांभाळायचं म्हंजी कसं, डाक्टरसायेब?" मनकर्णाने विचारले.

तोवर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावले होते.

गोरक्षने बापाला केडगावच्या आपल्या खोलीत ठेवून घेतले. तिसऱ्याच दिवशी म्हातारा पुण्याच्या रस्त्यावर, ट्रकांच्या मधोमध उभा सापडला. गोरक्षने त्याला गावी आणून सोडले. वेड्यांच्या इस्पितळाचा विषय त्याने काढला, पण त्याचा त्यालाच तो पुरा करवला नाही. जाताना आईच्या तोंडाकडे न बघताच तो एसटीत चढला.

तरी गाव होते. रंभाजी कुठेही भरकटला, तरी कोणी ना कोणी त्याला हाताला धरून घरी आणायचे. बाहत्तरच्या दुष्काळात मात्र अख्खे गाव सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. दिवसभर गावात नुसती बंद दारे. कामावर गेल्याशिवाय चूल पेटत नव्हती, म्हणून मनकर्णाही जाऊ लागली. चार दिवस तिने रंभाजीला बरोबर नेले. तो फोडलेले दगड निवडून त्यांची भिंत रचत बसे. पाचव्या दिवशी, सुरुंगाची शिट्टी झाली आणि सगळे लांब पळाले, तेव्हा तो एकटाच दगडांकडे चालत निघाला. मुकादम आप्पासाहेबाने धावत जाऊन त्याला ओढून आणले.

"काकी, उद्यापासून त्यांना आनू नका," तो म्हणाला. "काय झालं तर मी काय सांगू?"

त्याचे काही चुकले नव्हते.

गाय छावणीत गेली होती. तिचे दावे गोठ्यात खुंटीला लटकत होते. सकाळी मनकर्णाने जुने लुगडे फाडून रंभाजीच्या पायाला गुंडाळले, म्हणजे दावे काचणार नाही, आणि वरून गाठ मारून दुसरे टोक घराच्या मेढीच्या खांबाला बांधले. हाताशी भाकरी ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता. ती दार ओढून निघाली आणि वेशीपर्यंत तिने मागे पाहिले नाही.

दिवस मावळताना ती परतली. भाकरी तशीच होती. लुगड्याची पट्टी लघवीने ओली झाली होती. तिला पाहून रंभाजी सावरून बसला.

"बाई, घरात कोन न्हाई," तो म्हणाला. "बायकू कामाला गेलीया. यील आता. बसा."

मनकर्णा त्याच्या पायाशी बसली. गाठ घट्ट झाली होती, ती दातांनी सोडवू लागली. मग न राहवून तिने विचारले, "तुमाला बांधलं कुनी?"

"हुती एक बाई." त्याने जरा आठवून पाहिले. "तिला काय बोलू नका. बांधताना लई रडत हुती."

तिने पाणी तापवून त्याचे पाय धुतले. भाकरी दुधाऐवजी पाण्यात कुस्करली आणि घास भरवले.

सकाळी कामावर जाणाऱ्या बायकांनी बाहेरून हाक मारली. आलेच म्हणून तिने सांगितले, पण दावे हातात घेऊन ती उंबऱ्यातच उभी राहिली. रंभाजीने तिच्याकडे पाहिले, दाव्याकडे पाहिले. मग धोतर वर ओढून त्याने आपला पाय तिच्यापुढे सरकवला.