चप्पल पास झाली

प्रयोगशाळेत इतकी गर्दी होती की माझ्याच टेबलापाशी पोचायला मला कोपरं मारावी लागली. भांडारवाला, रखवालदार, हिशेबखात्यातल्या मावशी, झाडून सगळे हजर. मधोमध कनेक्शनबाबा जाडजूड पितळी पाटावर वायुगळतीची सूचना देणारं यंत्र ठेवून डोळे मिटून बसले होते.

"बोल बाळा, लाजू नकोस," ते यंत्राला म्हणाले.

माझ्या चाचणीच्या पडद्यावर हिरवी खूण उमटली. आमच्या साहेबांनी चक्क हात जोडले.

कारखान्यात वायू गळला की हे यंत्र तारेवरून नियंत्रण कक्षाला कळवतं, पण ठरलेल्या भाषेत आणि ठरलेल्या वेळेत. त्याला ती भाषा येते का, हे तपासणं माझं काम. या खेपेची चाळीसच्या चाळीस यंत्रं मी नापास केली होती. काहीही विचारा, ढिम्म! बाबांनी सकाळपासून सगळी पास केली. आता ती माझ्या दादाच्या बॉयलरघरात बसणार होती. मला घाम फुटला होता, आणि तो काही भक्तीने नव्हे.

"साहेब, मुकं यंत्र असं अचानक बोलत नाही."

"तुझी श्रद्धा कमी पडते. बाबांनी लहरी जुळवल्या."

"आत्मलहरी," बाबांनी दुरुस्ती केली. "तारेलाही मन असतं. म्हणून तर तुमच्या तारा मी पाटातून फिरवून घेतल्या. पितळेतून गेल्या की शुद्ध होतात."

माझं डोकं फिरलं. यंत्र बाजूला करून मी पायातली चप्पल पाटावर ठेवली, तारांचे चिमटे तिच्या पट्ट्याला लावले आणि चाचणीचं बटण दाबलं.

हिरवी खूण!

"चप्पल पास!" रखवालदार ओरडला. मावशींनी लगबगीने आपला डबा पुढे केला. भांडारवाल्याने किल्ल्यांचा जुडगा काढला.

"वायू गळला तर चप्पल कळवणार आहे का?" मी विचारलं.

साहेब गंभीर झाले. "प्रमाणपत्रावर डावी लिहायची की उजवी?"

हिरव्या खुणेखाली बारीक अक्षरात यंत्राचा अनुक्रमांक येतो. तो कुणी वाचत नाही. खरं सांगते, घाईत मीही वाचत नाही. आज मोठ्यांदा वाचला. मग सकाळचे चाळीस अहवाल काढून तेही वाचले. सगळ्यांचा क्रमांक एकच, आणि चपलेचाही तोच.

"एवढ्या जणांचं एकच नाव?" मावशी म्हणाल्या.

मी पाटाला हात घातला. "उचललास तर यंत्रं कायमची मुकी होतील!" बाबा किंचाळले.

"ती आत्ताही मुकीच आहेत."

पाटाचा तळ स्क्रूने बसवलेला होता. तो उघडला, तर आत एक चांगलं, चालू यंत्र माझ्या तारांना जोडलेलं. वर काहीही ठेवा, उत्तर हेच द्यायचं. सगळ्या वर्गाचा पेपर एकच हुशार पोरगा सोडवत होता. रखवालदाराने दरडावल्यावर बाबांनी कबूल केलं की यंत्रं बनवणाऱ्यांनीच त्यांना पाठवलं होतं.

चाळीस यंत्रं त्याच दिवशी परत गेली. मला बाबांचा राग आला, पण आमचा स्वतःचाच जास्त आला. क्रमांक समोर होता, वाचता येणारी वीस माणसं होती, आणि आम्ही डबे पुढे करत होतो.

दादाला सांगितलं, तेव्हा तो हसला नाही. "गळती झाली असती, तर आम्हाला कुणी सांगितलं असतं?" त्याने विचारलं.

तेव्हापासून मी प्रत्येक क्रमांक मोठ्यांदा वाचते. तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला, तर लाजू नका, भिऊ नका. तपासून बघा. कुठेतरी कुणाचा तरी दादा तुमच्या भरवशावर कामाला गेलेला असतो.