इंजनातली शिटी

"बाबा, सूर्यभानकाका खरंच इंजनात बसेल हाय काय?"

शाळेतल्या पोट्ट्यांनी पैज लावली होती, बापाले हे विचारून दाखव म्हणून. करिश्मा कोणाच्या बापाला भिते? तिनं भर वावरात विचारलं. विहिरीवरचं डिझेल इंजन तापून सकाळीच बंद पडलं होतं. देवीदासच्या हातातला पाना हातातच राहिला.

"कोन म्हनते?"

"सारा गाव! काका शिटी वाजवत काम करे. याच विहिरीपाशी त्याले पान लागलं, साप डसून गेला तो, अन् तवापासून इंजन शिटी वाजवते."

"गप वं पोरी!" तिची माय शकुन पदर तोंडाशी धरून म्हणाली.

देवीदासनं मान खाली घातली. "मनून त मी दर हंगामाले झाकणाले फट बुजवाची पेस्ट थापतो. बोट बोट जाड. माया भावाचा आवाज अंदरच राह्यला पायजे. आता नाही सोसत. उद्या भंगारवाला येऊन राह्यला."

"अन् झेंडूले पानी?" शकुन म्हणाली. "दसरा तोंडावर आला. लाइन त पाहुन्यावानी येते."

करिश्मानं पाना ओढून घेतला. लहानपणी काकाला पाने हातात देणारी तीच होती. तिनं इंजनाच्या बाजूचं झाकण खोललं, आत हात घातला. तेलाच्या जाळीत लाल पेस्टचे गोळे अडकले होते, बोंडअळ्यांसारखे.

"पाहा बाबा! तुमचं भेवच अडकलं हाय जाळीत. तेल चढन कुठून? अन् जुन्या थरावर नवे थर, मनून झाकण नीट बसेच नाही. फटीतून हवा शिटी मारे."

मोठ्या तोऱ्यात बोलली. पण झाकणाची कड खरवडता खरवडता तिचा हात थांबला. लाल थराखाली काकाची जुनी काळी पेस्ट होती, दगडासारखी वाळलेली. तीत काकाच्या अंगठ्याचा ठसा. मधोमध विळ्याच्या जखमेची आडवी रेघ. करिश्मानं आपला अंगठा त्यावर टेकवला, आणि भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला.

ठसा बाहेरच्या कडेवर होता. तेवढा तिनं राहू दिला.

जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून झाकणाखाली बसवायचं नवं गॅस्केट कापलं. "काका म्हने, पेस्ट लावाची थे काजळावानी. थापली का वाह्यते." पातळ हात फिरवून तिनं झाकण आवळलं. भाकरी खाऊन होईस्तोवर वाळू दिलं. मग हँडल मारलं.

इंजन धडधडलं. पाणी पाटात उडालं. शिटी नाही.

देवीदास कान देऊन बसला, किती तरी वेळ. मग त्याचे डोळे भरून आले. "गेला वं शकुन. आता खराच गेला."

तेवढ्यात शिटी आली. बारीक, चढत जाणारी, शेवटी मोडणारी, थेट सूर्यभानसारखी. दोघंही गरकन वळले. पाठीमागं करिश्मा चिंधीनं हात पुसत होती, आपल्याच नादात, ओठांचा चंबू करून.

"पोरीच्या जातीनं शिटी..." शकुननं तोंड उघडलं, आणि पुढचं गिळलं.

"भंगारवाल्याले नाही म्हना," करिश्मा म्हणाली. "अन् दहावी झाली का तुमी म्हनता त्या राजापेठच्या ट्युशन क्लासले मी जानार नाही. परतवाड्याले आयटीआयत जाईन, इंजनाचं शिकाले. इचारून नाही राह्यली बाबा, सांगून राह्यली."