पोथीतला एकुलता झ

चोपन्न साली पनवेलात माझा छापखाना होता, आणि मथळ्यांचा टाईप बघून मला रोज संताप यायचा. लग्नपत्रिका काय नि जप्तीची नोटीस काय, दोन्ही सारख्याच सुतकी. म्हणून शेजारच्या दमयंतीबाईंच्या वडिलांची पोथी पाहिली तेव्हा मी हट्टालाच पेटलो. आपल्या म्हाताऱ्या आईला दिसावं म्हणून त्यांनी पाऊण इंची अक्षरांत, बोरूने लिहिलेली संस्कृत पोथी. काय ते वळण! मी बघतच राहिलो.

"यावरून मथळ्याचा टाईप लाकडात कोरायचा," मी बाईंना म्हटलं. "पण पानं कापावी लागतील. अक्षर लाकडावर पालथं चिकटवून कागदासकट कोरायचं असतं."

वडिलांच्या हातचं एवढंच उरलं होतं, तेही कसर खात होती. बाईंनी पोथी फडक्यातून सोडवून माझ्यापुढे सरकवली.

"जीर्ण पोथी आपण पाण्यात सोडतोच," त्या म्हणाल्या. "ही लाकडात जाऊ दे. पण त्यांचं अक्षर जगलं पाहिजे हो."

कोरायला जवळच्या कोन गावचा तुळशीराम होता. दारांवर वेलबुट्टी काढणारा माणूस. वाचता येत नव्हतं, पण नजर घारीची.

सुरुवात मी झपासून केली. संस्कृतात झ विरळाच; सबंध पोथीत तो एकदा आला होता. आणि झ नसेल तर मराठीत 'माझं' म्हणायचीही सोय नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! मी नेहमीसारखी खळ लावली. छापखान्याची शाई तेलाची, तिला पाण्याचं भय नाही. पोथीची शाई काजळाची आणि डिंकाची, ओल लागताच विरघळणारी. कागद उचलला तर झच्या जागी नुसता काळा ओघळ.

बाकीची अक्षरं मेणाने चिकटवली, कागदातून अक्षर दिसावं म्हणून वरून खोबरेल चोळलं, आणि तुळशीरामने तीन महिन्यांत अशी कोरली की त्याचे हात धरावेसे वाटले. पण झशिवाय सगळं फुकट होतं. शेवटी बाईंना बोलावून गुन्हा कबूल केला.

त्या रागावल्या नाहीत. "बोरू आहे का?" एवढंच विचारलं.

"तुम्हाला शिकवलं होतं त्यांनी?"

"मुलीला कोण शिकवतो? शाई मी घोटायची. समोर बसून मी त्यांचा हात बघायचे."

त्यांनी एक झ लिहिला, खोडला. दुसरा, तिसरा. अकरावा माझ्या हातात दिला. मग कागद परत घेऊन त्याखाली ळ लिहिला.

"वेद सोडले तर संस्कृतात हा नाहीच," त्या म्हणाल्या. "तुमच्या लक्षात नसेल आलं."

नव्हतंच आलं! मी मनातल्या मनात स्वतःच्या मुस्कटात मारली.

ती दोन अक्षरंही, कुणाच्या हातची ते न सांगता, मी तुळशीरामकडून कोरून घेतली. पहिला नमुना छापून मी त्याच्यापुढे धरला. "यातली दोन दुसऱ्या हातची आहेत. ओळख बघू."

ओळीवरून त्याने सावकाश बोट फिरवलं, पुन्हा उलट फिरवलं. मग मान हलवली. "नाय मालक, फसवू नका. सगली एकाच मानसाची हायेत."

दमयंतीबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी तुळशीरामला म्हटलं, "दोन बाईंची आहेत. आणि त्यातलं एक तर वडिलांनी या पोथीत लिहिलेलंही नाही."

तुळशीरामने हातातली पटाशी खाली ठेवली आणि बाईंना वाकून नमस्कार केला.