एक्केचाळिसावे मत

“चाळीस,” मेहुणा दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाला.

वाइंडरचा हात थांबला. पंख्याच्या कॉइलचे एकशे सत्तावीस वेढे झाले होते. जळालेल्या मोटारींवर नव्याने तांब्याची तार गुंडाळायची, हे त्याचे चौतीस वर्षांचे काम. हाताने वेढे मोजायचे आणि तोंडाने गप्पा मारायच्या, ही त्याची पद्धत. देशभरात मिळून पक्षाच्या तीन जागा आल्या, हे काल रेडिओवर ऐकतानाही त्याचा हात थांबला नव्हता.

“नीट बघ. एक्केचाळीस असेल.”

“दाजी, छापील कागद आहे. बूथ नंबर नऊ, निशाणी किटली, चाळीस.”

वाइंडरने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि कागद स्वतः वाचला. चाळीसच होते.

लोकांना वाटले असते, हरलेल्या पक्षाला एका मताने काय फरक पडतो. वाइंडरला पडत होता. मतदान संपल्यावर, बूथप्रमुख म्हणून, आपल्या बूथवर पक्षाला किती मते पडली असतील याचा आकडा लिहून, पाकीट चिकटवून तो वॉर्डप्रमुखाकडे देत असे. सात निवडणुकांत तो आकडा एकदाही चुकला नव्हता. पक्ष सत्तेत होता तेव्हा तो तीनशे बारा होता, मग उतरत उतरत इथवर आला. पण उतरतानाही तो वाइंडरला विचारून उतरत होता. या वेळी पाकिटात एक्केचाळीस होते. एक्केचाळीस आकडा नव्हताच, ती माणसे होती. त्यांची नावे वहीत त्याच्या अक्षरात होती.

“आणि वॉर्डप्रमुखांनी निरोप दिलाय,” मेहुणा म्हणाला. “वरून आदेश आलाय. प्रत्येक बूथनं फुटलेल्यांची नावं द्यायची. संध्याकाळी सहापर्यंत. ती नावं सदस्यांच्या यादीतून काढणार.”

पराभवाचे कारण वरच्यांनी एका दिवसात शोधून काढले होते.

वाइंडरने मेहुण्याकडे नीट पाहिले. मेहुणा मंडपवाला होता आणि दोन्हीकडच्या सभांना खुर्च्या पुरवत असे.

“असं काय बघताय, दाजी?”

“तुझं मत?”

“किटली! शिक्का मारला, फुंकर घातली, वाळवला, मगच घडी घातली. बाहेर ताई उभी होती. तिच्यासमोरून खोटं तोंड घेऊन मी जाऊ शकतो का?”

हे पटण्यासारखे होते. बहिणीपुढे मेहुण्याचे खोटे आजवर एकदाही टिकले नव्हते. वाइंडरने वहीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली. दुपारपर्यंत दुकान मेहुण्यावर टाकून तो वही घेऊन हिंडला. विचारायची त्याची एक रीत होती. तो मत विचारायचा नाही. शिक्का नीट उमटला का, एवढेच विचारायचा. ज्याने दुसरीकडे मारला आहे तो अडखळतो, असा त्याचा अनुभव. कोणीही अडखळले नाही. अडतीस खुणा झाल्या. राहिले एक नाव.

नर्सबाई वाइंडरच्या दुकानावरच्या मजल्यावर एकट्या राहत. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली तरी दाराबाहेर चपला अशा ठेवत, जणू इस्पितळाच्या वॉर्डात राउंड सुरू आहे. पक्षाच्या मोर्चावर लाठ्या पडल्या त्या वर्षी वाइंडरच्या डोक्याला पाच टाके त्यांनीच घातले होते. पण मतदानाच्या दिवशी त्या पक्षाच्या टेबलाशी थांबल्या नव्हत्या. मान ताठ ठेवून सरळ आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. ते वाइंडरच्या मनात राहिले होते.

“बाई, शिक्का नीट उमटला होता ना?”

नर्सबाईंनी दार अर्धेच उघडले होते. “कशाला?”

“सहज. काही ठिकाणी शाई फिकट होती म्हणतात.”

“वाइंडर, मी छत्तीस वर्षं लोकांना सुया टोचल्या. कुणाला कुठं टोचली ते आजवर सांगितलं नाही. मत त्याच्याहून गुप्त असतं.”

“तसं नाही, पण तुम्ही टेबलाशी थांबला नाहीत...”

“असं. मग लिहा माझं नाव.”

“बाई—”

“लिहा. फुटली म्हणून लिहा. अक्षर नीट काढा.” आणि दार बंद झाले. आपटले नाही. आपटले असते तर बरे झाले असते.

त्याने पायऱ्या उतरता उतरता कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीने नर्सबाईंचे नाव लिहिले. हिशेब तरी जुळला होता. मन काही जुळत नव्हते.

जेवताना बायको म्हणाली, “मीसुद्धा त्या एक्केचाळिसात आहे. मला नाही विचारलंत ते?”

“तुला काय विचारायचं?”

“का? माझं मत हातचं आहे का?” तिने त्याच्या ताटात भात वाढला. “मला तर आत हसू येत होतं. महिनाभर तुम्ही गल्लीभर ओरडत होता, शिडी विसरा, शिडी विसरा. कागद उघडला आणि पहिल्यांदा काय दिसलं? शिडी. दोन मिनिटं किटली शोधत होते.”

दोन वर्षांपूर्वी पक्ष फुटला तेव्हा मोठा गट तिकडे गेला आणि जाताना शिडी ही निशाणीही घेऊन गेला. राहिलेल्यांच्या पदरात किटली पडली. चौतीस वर्षे भिंतींवर शिडी रंगवलेल्या माणसांना एका महिन्यात किटलीवर आणणे सोपे नव्हते. वाइंडरने दारोदार जाऊन तेच केले होते.

“सापडली ना शेवटी?” त्याने विचारले.

“सापडली. तोटी मोडकी काढलीय तिची. उमेदवारही तसाच होता म्हणा.”

तो दुकानात परत आला तेव्हा मेहुणा जेवायला गेला होता आणि समोरचा टेलर शिलाई मशीनची मोटार मांडीवर घेऊन स्टुलावर बसला होता. टेलर आणि वाइंडर एकाच दिवशी पक्षात आले होते. एकाने शिडी धरायची, म्हणजे खरी शिडी, आणि दुसऱ्याने तिच्यावर चढून भिंतीवर शिडी रंगवायची, अशी त्यांची वाटणी. फुटीत टेलर तिकडे गेला. तेव्हापासून रस्त्याच्या दोन बाजूंना दोन झेंडे होते. चहा मात्र अजून एकाच थर्मासमधून यायचा.

“अभिनंदन,” वाइंडर म्हणाला. “सरकार आलं तुमचं.”

“सरकार आलं, मशीन बंद पडलं. बघ जरा.” टेलरने मोटार पुढे केली. “वास मारतेय. आणि वाइंडर, माझं एक पाकीट चुकलं.”

पाकिटाची खोड दोघांचीही होती.

“कितीने?”

“दोनशे बारा लिहिलं होतं. तेरा पडली. एक जास्त. सकाळपासून डोकं चालत नाही. कमी पडलं तर समजू शकतो. जास्त कुणी दिलं?”

“माझं एक कमी पडलंय.” वाइंडरने कागदाचा तुकडा दाखवला. “नर्सबाई.”

टेलरने नाव वाचले आणि मान हलवली. “छे. आमचा उमेदवार मत मागायला गेला तर त्याला त्यांनी नखं कापून यायला सांगितलं. त्या जन्मात शिडी चढणार नाहीत. आणखी कोण राहिलं?”

“कोणी नाही. सगळ्यांना विचारलं.”

“सगळ्यांना?”

“बायकोपर्यंत.”

टेलरने कागदाचा तुकडा पुन्हा एकदा वाचला. मग दोरा ओवताना बोलतो तसा, मान खाली घालून म्हणाला, “तू कधी मत दिलंस?”

“सकाळी सातला. पहिला मीच असतो.”

“चष्मा?”

“कपाळावर. मला चष्मा लागतो का शिक्का मारायला? चौतीस वर्षं मारतोय. शिक्का असा बसला सांगू, मधोमध, दोन पायऱ्यांच्या बरोबर...”

किटलीला पायऱ्या नसतात.

समोरच्या रस्त्यावरून एक पाववाला सायकलची घंटी वाजवत गेला. वाइंडर हातातल्या मोटारीकडे पाहत राहिला. शिक्का खरोखरच सुबक बसला होता. त्याला ते समाधान आठवत होते. पहिल्या मताच्या वेळी होते तसेच. त्या समाधानात तो बाहेर आला होता आणि टेबलावर बसून दिवसभर लोकांना सांगत होता, चुकू नका, किटली.

टेलर हसला नाही, पण ते त्याला फार जड गेले. त्याचे खांदे हलू लागले. मग वाइंडरचेही हलू लागले. दोघे इतके हसले, की शेजारचा पानवाला डोकावून गेला.

“ये की मग आमच्याकडे,” टेलर डोळे पुसत म्हणाला. “मत आलंच आहे. आता फक्त माणूस यायचा राहिलाय.”

“मत हातानं दिलं. हात घेऊन जा.”

“बरं, एक ऐक.” टेलर जरा पुढे सरकला. “माझं पाकीट घरातच आहे. मी दोनशे तेरा लिहिलं होतं असं सांगतो. तू म्हण, अंदाज चुकला. म्हातारे झालो आपण. कुणाला कळणार नाही.”

“आणि चाळीस कसे झाले म्हणून सांगू? वर नाव द्यायचंय.”

टेलरने नर्सबाईंच्या नावाचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. वाइंडरने तुकडा घेतला, फाडला आणि दुसरा कागद काढला.

संध्याकाळी सहाला पक्षाच्या कार्यालयात तीस खुर्च्या आणि सहा माणसे होती. दोन बूथप्रमुख स्वतःच फुटले असल्याने याद्या द्यायला आले नव्हते. बाकीच्यांच्या याद्या लांबलचक होत्या. वॉर्डप्रमुख एकेक नाव वाचून यादीवर लाल रेघ ओढत होता, आणि प्रत्येक रेघेबरोबर त्याचा आवाज थोडा खाली जात होता.

“बूथ नऊ. एकच नाव. शाब्बास.” त्याने कागद उघडला, वाचला आणि वाइंडरकडे पाहिले. “हे काय? कुणी फुटलं ते लिहायचं होतं. सही खाली करायची.”

“वर लिहिलंय तेच नाव. सही खाली आहेच.”

मग वाइंडरने पायऱ्यांची हकिगत सांगितली. आधी मेहुणा हसला, मग सगळे. निकाल लागल्यापासून त्या खोलीत कोणी हसले नव्हते.

“अहो, ही चूक झाली,” वॉर्डप्रमुख म्हणाला. “फूट वेगळी, चूक वेगळी.”

“मतपेटीत दोन्ही सारखीच दिसतात. आज दुपारी या कागदावर नर्सबाईंचं नाव होतं. ते आलं असतं तर तुम्ही विचारलं असतं का, चूक की फूट?”

वॉर्डप्रमुखाने समोरच्या लाल रेघांकडे पाहिले.

“रेघ मारा.”

“तुम्हाला काढलं तर सकाळी कार्यालय उघडणार कोण? किल्ली तुमच्याकडे.”

“आठच्या ठोक्याला उघडीन. त्याला सदस्य कशाला व्हावं लागतं?”

बराच वेळ लाल पेन हवेत राहिला. शेवटी वाइंडरनेच बोट ठेवून ओळ दाखवली. सदस्य क्रमांक सतरा. त्यावर रेघ पडली, थोडी वाकडी. मग त्याने टेबलाचा खण ओढला. आत काय कुठे आहे ते त्यालाच ठाऊक होते. नव्या सदस्यत्वाचा एक कोरा अर्ज काढून, घडी घालून त्याने खिशात ठेवला.

“दोन सदस्यांच्या सह्या लागतात,” वॉर्डप्रमुख म्हणाला.

“एक मी देतो,” मेहुणा म्हणाला. “ताईला विचारून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडून वाइंडर नर्सबाईंकडे गेला आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून सगळे सांगितले. काही गाळले नाही, पेन्सिलीने लिहिलेले नावही. नर्सबाईंनी ऐकून घेतले. मग अर्ज हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला, मागचे नियमसुद्धा.

“टेबलाशी थांबले नाही, कारण गुडघा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या त्या लोखंडी खुर्चीत बसले असते तर दोघांनी उठवावं लागलं असतं. गल्लीसमोर.”

“मला कळायला हवं होतं, बाई.”

“हवंच होतं.” त्यांनी सही केली. सहीखाली तारीख घातली, वेळही घातली. “पुढच्या वेळी चष्मा नाकावर. आणि खुर्चीवर उशी.”

आठवड्याच्या शेवटी वॉर्डप्रमुखाने वर अहवाल पाठवला. कमी झालेले सदस्य: त्रेचाळीस. नवीन सदस्य: एक. वरून लगेच फोन आला. निकालानंतर सबंध जिल्ह्यात पक्षात आलेला तो एकटाच माणूस होता.

“कोण आहे?” पलीकडून विचारले. “तरुण आहे का?”

वॉर्डप्रमुखाने खिडकीतून बाहेर पाहिले. कार्यालयासमोरच्या भिंतीवर जुनी शिडी अजून फिकट दिसत होती. तिच्या शेजारी, खऱ्या शिडीवर, वाइंडर चष्मा नाकावर ठेवून किटलीची तोटी नीट काढत होता. खाली शिडी घट्ट धरून, तिकडच्या पक्षाचा टेलर उभा होता.

“नवीन आहे,” वॉर्डप्रमुख म्हणाला. “शिकतोय.”